बी आमचं, तर तेलही आमचंच हवं



मृग तोंडावर आलाय. पाटण, जावळी, शिराळ्याच्या वाड्यांवर बैठकांना गेलं की यंदा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतोय. "मोगली एरंडाची रोपं फुकट देतो म्हणत्यात. खड्डं काढायची मजुरी बी देणार हायत. घ्यायची का न्हाई?" कुणी म्हणतं घ्या, कुणी म्हणतं हात लावू नका. एका वाडीत तर यावरून भावाभावांचं बोलणं तुटलंय. म्हणून या अंकात आम्ही आमचं मत सरळ मांडतोय. पटलं तर ग्रामसभेत वाचा. नाही पटलं तरी वाचा आणि काय चुकलं ते आम्हाला सांगा.

आधी मत सांगतो, मग कारणं. झाडाच्या बियांच्या तेलापासून गाडीला चालणारं डिझेल होतं, ही थाप नाही, खरी गोष्ट आहे. ते डिझेल धूरही कमी करतं. त्याला आमचा विरोध नाही. पण त्यासाठी कसत असलेली, चराईची किंवा दाव्यातली जमीन द्यायची नाही. आणि आपल्या जंगलातलं करंजाचं बी कच्चं विकायचं नाही. तेल आपल्याच वाडीत निघालं पाहिजे.

तेलाचं डिझेल होतं कसं

हे समजून घ्यायलाच पाहिजे. समजलं नाही की कुणीही येऊन काहीही सांगतो.

करंजाचं तेल आपल्या ओळखीचं आहे. म्हाताऱ्यांनी ते दिव्यात जाळलं, खरजेला लावलं, ढोरांच्या जखमेला लावलं. हेच तेल गाळून थेट इंजिनात घातलं तर इंजिन सुरू होतं. डिझेल इंजिन ज्यानं शोधलं त्या रुडॉल्फ डिझेलच्या काळातच, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात, एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. मग अडचण कुठे आहे? तेल जाड असतं, डिझेलपेक्षा कितीतरी पट जाड. ते बारीक फवाऱ्यातून नीट उडत नाही, अर्धवट जळतं आणि इंजिनाच्या तोंडाशी काजळी धरते. थोडे दिवस चालतं, मग इंजिन खोलावं लागतं. दुरुस्तीचा खर्च ज्याचं इंजिन त्याच्या डोक्यावर.

तेल जाड का? तेलाच्या प्रत्येक कणात ग्लिसरीनची एक खुंटी असते आणि तिला तीन लांब साखळ्या बांधलेल्या असतात, एका खुंटीला तीन जड जनावरं बांधावीत तशा. त्या साखळ्या सोडवून सुट्या केल्या की तेल पातळ होतं. सोडवून न्यायला मिथेनॉल नावाचं अल्कोहोल लागतं. ते एकेक साखळी आपल्याबरोबर घेऊन जातं. पण गाठ घट्ट असते, नुसत्या मिथेनॉलला ती लवकर सुटत नाही. गाठ सोडणारा हात वेगळा लागतो. त्यालाच उत्प्रेरक म्हणतात. तो एक गाठ सोडतो आणि दुसऱ्या गाठीला मोकळा होतो. म्हणून तो थोडासाच पुरतो.

साधा उत्प्रेरक म्हणजे कॉस्टिक सोडा. १०० लिटर चांगलं तेल, साधारण २० लिटर मिथेनॉल आणि किलोभर कॉस्टिक सोडा हे झाकणबंद भांड्यात ६० अंशांच्या आसपास तापवून तासभर ढवळतात. मग रात्रभर निवत ठेवतात. खाली जड काळपट ग्लिसरीन बसतं, वर पिवळं पातळ तेल राहतं. ते वेगळं काढून कोमट पाण्यानं धुतात आणि वाळवतात. हेच बायोडिझेल. यात गंधक जवळजवळ नसतं. काजळी, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो. खोटं बोलायचं नाही म्हणून हेही सांगतो की याची ताकद साध्या डिझेलपेक्षा थोडी कमी असते आणि नायट्रोजनचे विषारी वायू थोडे वाढूही शकतात. पण पिठाच्या गिरणीत, पाण्याच्या पंपावर दिवसभर धुरात उभं राहणाऱ्या माणसाला याचा फायदा आहे.

आमचा साबण

हे आम्ही नुसतं पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्यातले काही जण बारावी सायन्सपर्यंत शिकलेत. तालुक्याच्या एका कॉलेजातल्या सरांनी सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून दिली आणि स्वतः शेजारी उभे राहिले. आम्ही वाडीवरच्या एका मावशीकडून करंजाचं तेल नेलं होतं. सोडा घातला, मिथेनॉल घातलं, ढवळलं. सकाळी बघतो तर भांड्यात बायोडिझेल नाही, साबणाचा गोळा. मावशीला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, "एवढं शिकून साबणच केला व्हय? तो तर बाजारात मिळतोय."

चूक तिच्या तेलाची नव्हती, आमच्या घाईची होती. बी पावसाळाभर ओलीत पडून राहिलं की तेल आंबतं, त्यात मोकळं आम्ल वाढतं. कॉस्टिक सोडा आधी त्या आम्लाला धरतो आणि साबण करतो. गाठी सोडायला उरतच नाही. अशा तेलाला आधी मिथेनॉल आणि थोडं गंधकाचं आम्ल घालून तापवायचं, आम्ल कमी करून घ्यायचं, मग सोडा घालायचा. जंगलातल्या बियांचं तेल बहुतेक असंच असतं. मोहाचं तेल तर फारच आंबट. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही ताजं, वाळवलेलं बी घेतलं, तेलाची परीक्षा केली आणि दोन टप्प्यांत शिजवलं. मग जमलं. उसन्या पंपाच्या इंजिनात ते चालवलं. धूर कमी होता आणि वास भजी तळल्यासारखा होता.

यातून दोन गोष्टी शिकलो. पहिली, बी वेळेवर वेचणं, लगेच वाळवणं, कोरडं ठेवणं हे काम शास्त्राइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते आपल्या बायांच्या हातात आहे. चांगल्या बियाला जास्त भाव मागायचा हक्क त्यातूनच येतो. दुसरी, उत्प्रेरक बदलला तर आंबलेलं तेलही चालू शकतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली लोखंड आणि जस्त असलेल्या घन उत्प्रेरकावरचं काम प्रसिद्ध केलं. तो भुकटीसारखा असतो, तेलात विरघळत नाही, गाळून पुन्हा वापरता येतो आणि आम्ल असलेल्या तेलावरही काम करतो. चांगला भाजलेला चुनासुद्धा उत्प्रेरकाचं काम करतो, त्यावरही देशोदेशी प्रयोग चाललेत. म्हणजे वाट बंद नाही. पुण्यातलं शास्त्र आपल्या डोंगरापर्यंत यायला शंभर-दीडशे किलोमीटरचंच अंतर आहे. ते कुणाच्या हातातून येतं, हा खरा प्रश्न आहे.

एक इशारा. मिथेनॉल हे विष आहे. दारूत ते मिसळलं गेलं की माणसं आंधळी होतात, मरतात, हे आपण ऐकलेलं आहे. ते भडकतंही पटकन. घरात, चुलीजवळ, पोराबाळांत हा प्रयोग कुणीही करू नये. कॉस्टिक आणि आम्लानं कातडी भाजते. हे काम वेगळ्या शेडमध्ये, शिकलेल्या माणसानंच करायचं.

हे सगळं एवढं जोरात का आलं

३१ डिसेंबर २००२ ला रेल्वेनं दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवून बघितली. २००४ साली भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेनं मोगली एरंडाच्या तेलाचं डिझेल करून दिलं आणि त्यावर मर्सिडीज मोटारी हजारो किलोमीटर पळवल्या. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं सांगितलं की २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं तर देशात सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरवर मोगली एरंड लावावा लागेल, आणि सुरुवात ४ लाख हेक्टरपासून करावी. सप्टेंबर २००८ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळानं जैवइंधनाचं राष्ट्रीय धोरण मंजूर केलं. त्यात २० टक्क्यांचं लक्ष्य २०१७ वर गेलं.

त्या धोरणात लिहिलं होतं की लागवड सुपीक जमिनीवर करायची नाही, पडीक जमिनीवर करायची. ऐकायला बरं वाटतं. धान्याची जमीन वाचते, परदेशी तेल कमी लागतं, धूर कमी होतो. पण एक कोटी हेक्टर जमीन आभाळातून पडत नाही. कागदावर 'पडीक' शिक्का मारलेली ही जमीन कुणाची आहे, ते बघितलं पाहिजे.

पडीक म्हणजे कुणाची

माण-खटाव, आटपाडी, जतचा माळ तलाठ्याच्या कागदावर पडीक. पण तिथं शेरडं-मेंढरं चरतात, पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यातले डोंगरउतार कागदावर वनखात्याचे. पण तिथं नाचणी आणि वरी पिकते. कातकऱ्याची झोपडी, गवळी-धनगराचा वाडा तिथंच आहे. ज्या जमिनीचा सातबारा आपल्या नावावर नाही, ती कागदाच्या लेखी रिकामी. आणि आपल्यातल्या किती जणांच्या नावावर सातबारा आहे?

मोगली एरंडाला शेरडं तोंड लावत नाहीत. हीच त्याची मोठी जमेची बाजू म्हणून सांगतात, कारण कुंपण लागत नाही. पण शेरडाच्या मालकानं विचार करावा. ज्या माळावर शेरडं चरत होती तिथं ती न खाणारं झाड ओळीनं उभं राहिलं, तर शेरडं जाणार कुठं? त्याचं बी विषारी असतं, पोरं शेंगदाणा समजून खातात आणि उलट्या होऊन दवाखान्यात जातात. पेंडही जनावराला घालता येत नाही. पाणी-खताशिवाय भरघोस बी येतं असं सांगतात, पण मुरमाड जमिनीत, नुसत्या पावसावर हे झाड जगतं एवढंच, भरपूर बी देत नाही. आणि पहिलं नीट पीक यायला तीन-चार वर्षं लागतात. तोपर्यंत खायचं काय?

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. कोयनेचं पाणी अडलं, वीज तयार झाली, मुंबई उजळली आणि विस्थापित अजून कागद घेऊन कचेऱ्यांत फिरतात. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. वारा आपल्या डोंगरावरचा, वीज गेली तारांतून लांब. वीज वाईट नव्हती, पवनचक्कीही वाईट नाही. पण ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नाही आणि मिळकतीत आपला वाटा नव्हता. बायोडिझेलमध्ये तीच गोष्ट तिसऱ्यांदा होऊ द्यायची नाही.

२५ रुपयांचा हिशेब

आता करंजाकडे येऊ. मोगली एरंड नको तर करंज चालेल का, असं बरेच जण विचारतात. करंज आपल्या ओढ्याकाठचं झाड आहे. सावली देतं, माती धरतं, जुनं झालं तरी बी देत राहतं. ते लावायला आमची ना नाही. पण बियाचा हिशेब करा.

सरकारनं ऑक्टोबर २००५ मध्ये बायोडिझेलच्या खरेदीचं धोरण जाहीर केलं आणि १ जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी लिटरला २५ रुपयांनी ते घ्यावं असं ठरवलं. घाण्यातून १०० किलो करंजबियांचं साधारण २५ किलो तेल निघतं. म्हणजे एका लिटरला जवळजवळ ४ किलो बी. २५ भागिले ४ केलं की सव्वासहा रुपये येतात. दळण, मिथेनॉल, सोडा, सरपण, वाहतूक, कारखानदाराचा नफा हे सगळं फुकट धरलं तरी त्या दरानं किलोला सव्वासहाच्या वर भाव देणं कुणाला परवडणारच नव्हतं. आणि ते काही फुकट नसतं. म्हणजे बी वेचणाऱ्या बाईच्या हातात त्याच्या निम्मे पडले तरी खूप. दिवसभर वेचायचं, रात्री शेंगा फोडायच्या, वाळवायचं, डोक्यावरून बाजारात न्यायचं आणि वर काट्यात मारलेलं माप सोसायचं.

म्हणून कुणी "तुमच्या बियाला आता मोठी मागणी आली" म्हणालं, तर त्याला हा भागाकार करून दाखवा. मागणी वाढली की कारखानदाराची गरज वाढते. भाव आपोआप वाढत नाही. २००८ च्या धोरणात तेलबियांना किमान आधारभूत किंमत देऊ असं लिहिलं होतं. ती किती, कोण देणार, कुठल्या केंद्रावर देणार, हे ठरेपर्यंत ते नुसतं लिहिणंच.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. बी कच्चं विकलं तर चारही किलो गेले. तेच वाडीत गाळलं तर एक किलो तेल निघतं आणि तीन किलो पेंड आपल्याकडे राहते. करंजाची पेंड म्हणजे भाताला, नाचणीला खत, आणि कीडही कमी होते. तेल वाडीतल्या गिरणीला, पंपाला लागणाऱ्या डिझेलच्या जागी वापरलं तर बाजारातून आणायचं तेवढं डिझेल वाचतं. तेव्हा आपला भाव कंपनीच्या खरेदीभावाशी बांधलेला राहत नाही, पंपावरच्या डिझेलच्या भावाशी बांधला जातो. हा फरक लहान नाही.

कायदा आपल्या बाजूनं काय सांगतो

सातारा आणि सांगली अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत. म्हणून पेसा कायद्याचे अधिकार आपल्याला नाहीत, असं सांगून बरेच अधिकारी विषय मिटवतात. पेसा इथं लागू नाही हे खरं. पण वनहक्क कायदा २००६ सगळ्या जंगलांना लागू आहे, कोयना आणि चांदोलीच्या संरक्षित जंगलांतल्या वाड्यांनासुद्धा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. त्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा.

एक. कलम ३(१)(ग) प्रमाणे, जे गौण वनउत्पादन आपण परंपरेनं गोळा करत आलो त्यावर आपली मालकी आहे. ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आहे. इमारती लाकूड सोडून झाडापासून मिळणारं सगळं त्यात येतं. करंजाचं आणि मोहाचं बीही येतं.

दोन. विक्री म्हणजे काय ते २००८ च्या नियमांत लिहिलंय. त्यात स्थानिक पातळीवरची प्रक्रिया आणि मूल्यवाढ येते. डोक्यावरून, सायकलवरून, हातगाडीवरून जंगलातून वाहून नेणंही येतं. म्हणजे बियाचं तेल आपल्या वाडीत काढणं ही कुणाची मेहेरबानी नाही, तो हक्काचाच भाग आहे. मोटारगाडीनं न्यायचं तर २००८ च्या त्या नियमांत वाहतूक परवान्याची अट होती, आज काय नियम आहेत ते आधी विचारून घ्यायचे.

तीन. कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. रोपं लावायच्या निमित्तानं काढणं हेही काढणंच झालं.

चार. मिळालेला हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून अशा जमिनीवर कुणी करारावर अंगठा मागितला तर देऊ नका. आधी कागद ग्रामसभेत आणा.

वैयक्तिक जमिनीचा दावा नमुना 'अ' वर भरतात, सामूहिक हक्काचा नमुना 'ब' वर. आपल्या भागात 'अ' चे दावे काही प्रमाणात भरले गेले, पण 'ब' कडे आपलं दुर्लक्ष झालंय. करंज, मोह, हिरडा, मध, चराई, पाणी हे सगळं 'ब' मध्ये येतं. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात. कुठल्या ओढ्यावर किती पिढ्या करंज वेचला, हे आपल्या आज्यांना जेवढं माहीत आहे तेवढं कुठल्याही कचेरीला माहीत नाही.

दुसरीकडे काय झालं

तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात पॉवरगुडा नावाचं आदिवासी खेडं आहे. तिथल्या बायांच्या गटांनी करंज लावला, बी गोळा केलं आणि स्वतःच्या गिरणीत तेल काढलं. २००३ साली जागतिक बँकेनं आपल्या एका परिषदेमुळे झालेल्या धुराची भरपाई म्हणून त्यांना १४७ टन कार्बन डायऑक्साइडचे ६४५ डॉलर दिले, म्हणजे तेव्हाचे साधारण ३० हजार रुपये. पेपरात याचं फार कौतुक झालं. आम्हाला कौतुक वाटतं ते त्या डॉलरचं नाही. दहा वर्षांच्या तेलाच्या हिशेबाला ३० हजार म्हणजे फार नव्हेत. कौतुक याचं की गिरणी बायांच्या ताब्यात होती. बी विकायचं का तेल विकायचं, हे त्या ठरवत होत्या.

इतकं लांबही जायला नको. आपल्याच सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर बळीराजा धरण आहे. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ते उभं केलं. त्यासाठी नदीतली वाळू विकायचा हक्क ठेकेदाराऐवजी गावानं मागितला आणि त्या पैशातून काम उभं राहिलं. पाण्याचा वाटा जमीन नसलेल्यांनाही ठरवला. के. आर. दाते यांच्यासारखे इंजिनिअर बरोबर होते, पण धरण लोकांचं राहिलं. वाळू गावाची म्हणून धरण गावाचं झालं, तसंच बी आपलं तर तेल आपलं. मागणी तीच आहे.

मजुरीचं काय

आमच्यावर रागावणारे भाऊ विचारतात, "तुम्ही नको म्हणता, पण आज चूल पेटवायला मजुरी कोण देणार?" हा प्रश्न खोटा नाही. ऊसतोडीहून, वीटभट्टीवरून आलेल्या माणसाला पावसाळ्यात दोन महिन्यांची मजुरी म्हणजे मोठी गोष्ट. ज्यानं रोपं घेतली त्याला आम्ही फितूर म्हणणार नाही, आणि कुणीही म्हणू नये.

पण मजुरी मागायला दुसरी वाट आहे. १ एप्रिल २००८ पासून केंद्राचा रोजगार हमी कायदा सगळ्या जिल्ह्यांत लागू झाला, आणि कुठली कामं घ्यायची ते सुचवायचा अधिकार ग्रामसभेला आहे. बांधबंदिस्ती मागा, तळं मागा, आपल्या ओढ्याकाठी आपल्याच करंजाची लागवड मागा. तेव्हाही खड्डेच खणायचे आहेत आणि मजुरीही मिळणार आहे, पण झाड आपलं राहणार आहे. कंपनीच्या खड्ड्याची मजुरी दोन महिने मिळते. त्या खड्ड्यातलं झाड मात्र तीस वर्षं जमिनीवर बसतं, आणि उद्या तेच झाड दाखवून म्हणतील की इथं तुमची शेती कधी नव्हतीच, इथं तर लागवड आहे.

ग्रामसभेपुढं ठेवायचे ठराव

पाऊस पडायच्या आत प्रत्येक वाडीनं ग्रामसभेत हे ठराव मांडावेत, असं आम्ही सुचवतो.

१. कसत असलेल्या, चराईच्या किंवा दावा चालू असलेल्या जमिनीवर मोगली एरंडाची किंवा दुसऱ्या कुठल्याही तेलझाडाची लागवड ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय होणार नाही.

२. करंज, मोह आणि इतर बियांचा सामूहिक हक्क नमुना 'ब' वर या पावसाळ्यात भरायचा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. बी वेचणाऱ्या बायांनाच त्यात घ्या.

३. चार-पाच वाड्यांनी मिळून एक घाणा मागायचा, आदिवासी विकास विभागाकडे आणि जिल्हा परिषदेकडे. मालकी बायांच्या गटाची. कर्ज काढायचं का, किती काढायचं, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं.

४. सुरुवात तेल आणि पेंडीपासून करायची. बायोडिझेल करायचं काम लगेच वाडीत आणायचं नाही. आधी आपल्या चार-सहा पोरापोरींनी ते नीट शिकावं. सरकारी प्रयोगशाळांनी आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी शिकवावं, अशी मागणी आपण मोर्चात करू. ज्या उत्प्रेरकावर लोकांच्या पैशातून संशोधन झालं, तो लोकांच्या घाण्यापर्यंत आला पाहिजे.

५. बी विकावंच लागलं तर एकट्यानं विकायचं नाही. वाडीचा एक काटा, एक भाव, आणि वहीत नोंद.

हे सगळं यंदाच होईल असं आम्ही म्हणत नाही. घाणा यायला दोन वर्षं लागतील, कदाचित जास्तच. पण नमुना 'ब' भरायला दोन वर्षं लागत नाहीत. तो कागद झाला की पुढचा प्रत्येक माणूस, मग तो रोपं घेऊन येऊ दे की करार घेऊन, आधी ग्रामसभेच्या दारात उभा राहील.

ज्या मावशीनं आम्हाला साबणावरून हसून घेतलं, तिला आम्ही दुसऱ्या वेळचं बायोडिझेल बाटलीत भरून दाखवलं. तिनं वास घेतला, बोटावर चोळून बघितलं आणि विचारलं, "ह्यातलं आमचं किती?" साथींनो, कुणी रोपं घेऊन आलं की त्यालाही हेच विचारा. उत्तर लेखी मिळेपर्यंत अंगठा देऊ नका.

जिंदाबाद.